नाडी चुकते तेव्हा



भाषण करण्याची मला सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतच. पण सेक्रेटरीबाई म्हणाल्या, घरात घडले तेच सांगा, म्हणून उभी राहिले.

गेल्या श्रावणात एका रात्री आमच्या यांना घाम सुटला, छातीत फडफड होऊ लागली. मी मनगट धरले. नाडी कशी, तर शिवणयंत्राच्या टाक्यांसारखी एकसारखी हवी. येथे दोन ठोके घाईने, मग एक गायब, मग चार पळत सुटलेले! मला वाटले पित्त. लिंबाचे सरबत दिले. ही माझी चूकच झाली. सकाळी दवाखाना गाठला, कार्डिओग्राम काढला.

डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितले. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरतात. रक्त तेथे साचते, गुठळी होते. ती मेंदूकडे गेली की अर्धांगवायू. मग विचारले, "विड्या किती?" हे म्हणाले, "चार-पाच." मी खाली पाहिले. २० वर्षे वाण्याकडून बंडले मीच आणीत होते. शेवटी खरे सांगितले. घरी येईपर्यंत हे माझ्याशी बोलले नाहीत.

विडीतल्या निकोटिनने हृदय विनाकारण पळते, रक्तदाब चढतो. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तात प्राणवायूची जागा बळकावतो. वर्षानुवर्षे असे चालले की हृदयाला इजा होते आणि ठोक्याची वीज वाट चुकते. विडी न ओढणाऱ्यालाही हा आजार होतो, पण ओढणाऱ्याला धोका अधिक. सोडली की तो हळूहळू उतरतो.

मी बंडल आणणे बंद केले. तेव्हा हे म्हणाले, "आणि तुझी मिश्रीची डबी?" हसू नका, इथे कितीजणींच्या कमरेला ती आहे हे मला ठाऊक आहे! मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. निकोटिन तिच्यातही आहे. डबी मोरीत रिकामी केली. आठ दिवस डोके ठणकले, मुलीवर उगाच ओरडले. तंबाखू सोडवण्यासाठी सरकारचा फुकट फोन आहे, १८००-११-२३५६. मुलीने लावून दिला. हे आधी घ्यायलाच तयार नव्हते, मग बराच वेळ बोलत बसले.

आता रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू आहेत. दिवाळीत यांनी दोन विड्या ओढल्या, पण येऊन स्वतः सांगितले. रोज रात्री घड्याळ समोर ठेवून मी पुरते एक मिनिट नाडी मोजते. कधी एकसारखी लागते, कधी नाही.