टीच म्हणजे केवढी?

श्रोतेहो, हातातलं काम क्षणभर बाजूला ठेवा आणि उजवा पंजा डोळ्यांसमोर धरा. अंगठा आणि तर्जनी ताणा. दोन्ही टोकांत जे अंतर पडलं, ती एक टीच. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत वीत. टीच तिच्याहून आखूड. ‘टीचभर खोली’ असं मी वर्षानुवर्षं म्हणत होतो, पण ही टीच माझ्याच हाताला आहे हे कळलं ते दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’त. शोधायला गेलो होतो भलताच शब्द. तो कोणता, ते आता आठवतही नाही.

कोशातले अपरिचित शब्द म्हणजे जडजंबाल, पोथीतले, असं आपण धरून चालतो. मला खरा आनंद देतात ते आपल्या तोंडात असूनही अनोळखी राहिलेले. पसाभर तांदूळ घ्या. पसा म्हणजे एका तळहाताचा खोलगा. दोन्ही हात जुळले की ओंजळ. विहिरीत दोन परस पाणी असतं. परस हे ‘पुरुष’चंच रूप: माणसाने उभं राहून हात वर केला की झाला एक परस. आणि माझा सगळ्यांत लाडका शब्दप्रयोग, ‘दिवस कासराभर वर आला’. कासरा म्हणजे बैलाची दोरी. औत हाकताना जी दोरी हातात होती, तिनेच शेतकऱ्याने सूर्याची उंची मोजली! ते वाचलं तेव्हा मी कोश मांडीवर तसाच ठेवून कितीतरी वेळ बसून राहिलो होतो.

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, त्याची वाढवलेली आवृत्ती १८५७ची. दाते-कर्व्यांचे ७ खंड १९३२ ते १९३८ या काळातले. जमलं तर एकच शब्द दोन्हीकडे पाहा. अर्थ सापडला म्हणून कोश मिटू नका. पुढे वापराचं उदाहरण असेल तर ते मोठ्याने वाचा. तो शब्द कुणाच्या अंगणातला, कुणाच्या शेतातला, हे तिथे ऐकू येतं.

‘तसूभरही मागे हटणार नाही’ असं आपण आवेशाने म्हणतो. हा तसू केवढा, ते मी सांगत नाही. आज रात्री जेवणं झाल्यावर ‘त’चं पान उघडा, आणि शेजारी एक मोजपट्टी ठेवा.