लहान नौका, अनेक गळ

अमेरिकेतील मिशिगन सरोवराला मिळणाऱ्या नद्यांत १९६६ साली कोहो सामन माशांची पिले सोडण्यात आली. बेसुमार वाढलेल्या एलवाइफ या लहान माशांना आवर घालणे हा त्यामागील एक हेतू होता. पुढच्याच वर्षी सामन मुबलक मिळू लागला आणि हौशी मच्छीमारांच्या लहान नौकांची तेथे रीघ लागली. २३ सप्टेंबर १९६७ रोजी झालेल्या वादळात त्यांपैकी सात जणांना प्राण गमवावे लागले.

लहान नौकेवरील गळांच्या मांडणीचा विचार या पार्श्वभूमीवर व्हायला हवा. संथ चालणाऱ्या नौकेमागे अनेक गळ ओढताना ते परस्परांत गुंतू नयेत, यासाठी काही गळ तारेला बांधलेल्या वजनी गोळ्याच्या साहाय्याने थंड पाण्याच्या थरापर्यंत खोल नेले जातात, तर काही तरंगत्या फळ्यांच्या आधारे दोन्ही बाजूंना दूर ठेवले जातात. वळण मात्र रुंदच घ्यावे लागते.

वारा वाढताच हीच सामग्री अडचणीची ठरते. ती गोळा होईपर्यंत नौका झटपट किनाऱ्याकडे वळवता येत नाही. म्हणून गळांची संख्या मासे किती मिळतील यावरून नव्हे, तर ते किती वेळात वर ओढता येतील यावरून ठरवावी. हवामानाचा अंदाज व लाइफ जॅकेट यांना पर्याय नाही.