वडीलधाऱ्यांचे वस्त्र आणि त्यांचा मान



विद्या, विवाह व वसतिगृह यांविषयी आज पुष्कळ बोलणे झाले. आम्ही एक निव्वळ घरगुती विषय आपणांपुढे मांडू इच्छितो : स्मृतिभ्रंश झालेल्या वडीलधाऱ्यांस वस्त्रे कशी नेसवावीत?

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीच्या अंदाजानुसार साठ वर्षे व त्यावरील वयाच्या सुमारे ८८ लक्ष भारतीयांस हा विकार आहे, आणि शहरांहून खेड्यांत त्याचे प्रमाण अधिक आहे. हा म्हातारपणाचा हट्ट नव्हे. मेंदूचा रोग आहे. आधी काय घालावे, बाही कोणती, हा क्रमच मनातून निसटतो.

आमच्या तीर्थरूपांनी आयुष्यभर लासलगावच्या बाजारात कांदा नेला. आजार जडल्यावरही ते पहाटे उठून, लिलावाची वेळ झाली म्हणून धोतर व टोपी मागत. आम्ही त्यांना हटकीत असू. एकदा लग्नास जाण्याच्या घाईत आम्ही दोघांनी धरून त्यांच्या अंगात सदरा चढविला. ते लहान मुलासारखे रडले. त्या दिवशी चूक त्यांच्या स्मृतीची नव्हती, आमच्या घाईची होती.

पुढे अनुभवाने आम्ही शिकलो. कपडे ज्या क्रमाने घालावयाचे त्याच क्रमाने मांडून ठेवावेत व एका वेळी एकच हाती द्यावा. "काय घालता?" असे न विचारता दोनच सदरे पुढे धरावेत. भक्कम खुर्चीवर बसवावे, पाय जमिनीस टेकलेले असावेत. एखादा हात अधू असल्यास बाही प्रथम त्याच हातात घालावी. काढताना तो हात शेवटी. गुंड्या जड जात असतील तर बंद किंवा चिकटपट्टी लावावी. नऊवारीच्या निऱ्या जमेनाशा झाल्यास शिवलेले लुगडे आणावे. एकाच कपड्याचा आग्रह असेल तर तसाच दुसरा जोड करून ठेवावा. त्यांनी नकार दिल्यास वाद न घालता थोड्या वेळाने पुन्हा जावे. दार लोटून घ्यावे. लज्जा स्मृतीबरोबर जात नाही. आपल्या निफाड तालुक्यातील थंडी कडक. थंडी वाजते हे त्यांना सांगता येईलच असे नाही, म्हणून स्वेटर आपणच आठवणीने पुढे करावा.

आम्ही टोपी त्यांच्या हाती देऊ लागलो, तेव्हा ती ते स्वतःच नीट बसवीत. जे हातांना आठवते ते हातांना करू द्यावे.

शेवटी एक विनंती. सोयरिकीत बाधा येईल या भयाने पुष्कळ घरे हा आजार झाकतात, आणि सारा भार एका सुनेवर किंवा लेकीवर पडतो. कृपा करून तसे करू नये. वैद्यकीय तपासणी अवश्य करावी. थायरॉइडचा विकार किंवा ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव यांमुळे विसर पडत असेल तर त्यावर उपचार आहेत. आणि पुत्रांनीही वडिलांचे धोतर नेसविण्यास शिकावे. ज्यांनी आपणांस पहिला सदरा घातला, त्यांना शेवटचा सदरा मानाने घालणे, हेच खरे पितृऋण होय.