आभाळाकडे तोंड करून

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

शर्यत म्हटली की नजर पुढे असते. धावणारा पुढे बघतो, सायकलवाला पुढे बघतो, आमच्या वऱ्हाडातल्या शंकरपटात धुरकऱ्याची आणि बैलांचीही नजर पुढेच असते. पोहण्याच्या चार प्रकारांत मात्र एक प्रकार असा आहे की, ज्या भिंतीला जाऊन हात लावायचा ती भिंत पोहणाऱ्याला दिसतच नाही. त्याला दिसतं ते आभाळ, किंवा बंदिस्त तलाव असेल तर छपराच्या कैच्या. या प्रकाराला आपण बॅकस्ट्रोक म्हणतो. साध्या मराठीत पाठीवर पोहणं, उताणं पोहणं. श्रोतेहो, आज मला या उताण्या शर्यतीतल्या सर्वांत वेगवान पुरुषांविषयी बोलायचं आहे. कवितेच्या माणसाने हा विषय का घ्यावा, असं आपल्याला वाटेल. पण न दिसणाऱ्या ठिकाणी वेगाने जायचं, हा उद्योग कवीला अगदीच परका नाही.

आधी वेग किती तो सांगतो. इटलीच्या थॉमस चेकोन याने जून २०२२ मध्ये बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत १०० मीटर अंतर ५१.६० सेकंदांत कापलं. ताशी हिशेब केला तर सात किलोमीटरच्या आतच भरतो. म्हणजे बस चुकू नये म्हणून झपाझप चालणारा माणूस जमिनीवर जेवढा वेग घेतो, साधारण तेवढाच. ऐकायला फार वाटत नाही. पण पाणी हवेच्या सुमारे आठशे पट दाट असतं, हे ध्यानात घ्यावं. ५० मीटरचा उच्चांक रशियाच्या क्लिमेंत कोलेस्निकोवच्या नावावर आहे. जुलै २०२३ मध्ये कझानला त्याने २३.५५ सेकंदांत तलावाचं एक टोक गाठलं.

या वेगापर्यंत माणूस सव्वाशे वर्षांत आला. १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये हा प्रकार पहिल्यांदा आला तेव्हा तलाव नव्हताच, स्पर्धक सीन नदीच्या वाहत्या पाण्यात उतरले होते. २०० मीटरचं ते सुवर्णपदक जर्मनीच्या अर्न्स्ट होपेनबर्गला मिळालं. १९०८ साली लंडनमध्ये १०० मीटरची शर्यत झाली, ती आर्नो बिबरस्टाइन या दुसऱ्या जर्मनाने १ मिनिट २४.६ सेकंदांत जिंकली. आजचा चेकोन शेजारच्या पट्ट्यात असता, तर त्याने भिंतीला हात लावला तेव्हा बिबरस्टाइन अजून ३९ मीटर मागे असता. तेव्हा दोन्ही हात एकदमच डोक्यावरून मागे नेण्याची पद्धत होती. १९१२ मध्ये स्टॉकहोमला अमेरिकेचा हॅरी हेबनर एक हात पाण्यात आणि एक हात हवेत, असे आळीपाळीने हात मारत पोहला आणि जिंकला. आज टीव्हीवर आपल्याला जी पवनचक्की दिसते, ती तिथून पुढची.

मग आला अडॉल्फ कीफर. शिकागोचा. १०० यार्ड अंतर पाठीवर एका मिनिटाच्या आत पोहून जाणारा पहिला माणूस. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये, म्हणजे जेसी ओवेन्सच्या त्याच ऑलिंपिकमध्ये, अठरा वर्षांच्या कीफरने १०० मीटर १ मिनिट ५.९ सेकंदांत जिंकलं. पुढची दोन ऑलिंपिक महायुद्धाने खाल्ली आणि त्याचं दुसरं पदक कायमचं राहून गेलं. या माणसाची अर्धी गोष्ट मी मुद्दाम मागे ठेवतो आहे.

पूर्व जर्मनीचा रोलंड मात्थेस हा माझ्या मते या प्रकारातला सर्वांत देखणा गडी. १९६८ ला मेक्सिकोत आणि १९७२ ला म्युनिकमध्ये १०० आणि २०० मीटर, दोन्ही शर्यती त्याच्याच. १९६७ पासून १९७४ पर्यंत सात वर्षं त्याला पाठीवर कोणी हरवू शकलं नाही. त्याची जुनी चित्रफीत पाहिली तर घाई कुठे दिसत नाही. इतर पाणी बडवतात, हा पाण्यावरून घसरत जातो. मात्थेस म्युनिकमध्ये जिंकला तो ऑगस्ट १९७२ संपता संपता. त्याच महिन्याच्या सुरुवातीला, त्याच पश्चिम जर्मनीत, हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये सांगली जिल्ह्यातला एक मराठी जवान ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून विश्वविक्रमासह सुवर्णपदक जिंकत होता. मुरलीकांत पेटकर. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचं शरीर निकामी झालं आणि उपचार म्हणून त्यांना पाण्यात उतरवलं गेलं. त्यांची शर्यत पाठीवरची नव्हती हे खरं; पण जलतरणातला जगातला सर्वांत वेगवान मराठी माणूस कोण, असं विचारलं तर माझ्या तोंडी पहिलं नाव त्यांचंच येतं. त्यांना पद्मश्री मिळाली ती २०१८ मध्ये. शेहेचाळीस वर्षांनी. यावर मी काही बोलत नाही.

आता या प्रकारातली सर्वांत गमतीची गोष्ट. पाठीवर पोहणाऱ्यांनी आपला सर्वांत मोठा वेग शोधला तो पाण्याच्या वर नव्हे, पाण्याच्या खाली. पृष्ठभागावर पोहताना शरीर लाटा उठवतं आणि बरीचशी ताकद त्या लाटांतच वाया जाते. तेच मीटरभर खाली गेलं, हात डोक्यापुढे जोडले, कमरेपासून पावलांपर्यंत मासोळीसारखी लाट सोडली, की पाण्याचा अडथळा कमी होतो. हार्वर्डचा विद्यार्थी डेव्हिड बर्कॉफ याने ही गोष्ट टोकाला नेली. उडी घेतली की तो गायब होई आणि सुमारे पस्तीस मीटरवर वर येई. प्रेक्षक रिकाम्या पाण्याकडे बघत बसत. उताणं राहून पाण्याखाली जायचं म्हणजे नाकात पाणी शिरतं, म्हणून सगळा वेळ नाकाने हळूहळू हवा सोडत राहावं लागतं, हे वेगळंच. १९८८ च्या सेऊल ऑलिंपिकमध्ये प्राथमिक फेरीत त्याने ५४.५१ सेकंदांचा विश्वविक्रम केला. अंतिम फेरीत मात्र जपानचा दाइची सुझुकी त्याच विद्येने, नेहमीपेक्षा जास्त वेळ पाण्याखाली राहून, त्याच्यापुढे १३ शतांश सेकंद निघून गेला. सुझुकी ५५.०५, बर्कॉफ ५५.१८.

नियम करणारे जागे झाले. पोहण्याची शर्यत बुडण्याची शर्यत होते की काय, अशी त्यांना भीती वाटली. आधी दहा मीटरची आणि १९९१ पासून पंधरा मीटरची हद्द घातली गेली. ती आजही आहे. म्हणजे पन्नास मीटरच्या तलावात १०० मीटरची शर्यत असेल तर सुरुवातीचे पंधरा आणि वळणानंतरचे पंधरा असे तीस मीटर माणूस खाली राहू शकतो. आज शर्यत जिंकली किंवा हरली जाते ती बहुतेक या तीस मीटरांत, जिथे टाळ्या वाजवणाऱ्यांना काही दिसत नाही.

भिंत न बघता वळायचं कसं? भिंतीच्या पाच मीटर अलीकडे, तलावावर आडव्या दोरीला छोट्या पताका लावलेल्या असतात, आपल्याकडे लग्नाच्या मांडवाला लावतात तशा. डोळ्यांवरून पताका गेल्या की हात मोजायचे. कोणाचे तीन, कोणाचे चार. एक हात चुकला तर डोकं भिंतीवर, किंवा वळण भिंतीपासून लांब पडून पायाला रेटाच मिळत नाही. जगज्जेत्याचंही सगळं या मोजणीवर चालतं.

अमेरिकेचा आरॉन पीअरसॉल हा २००४ आणि २००८ च्या ऑलिंपिकमधला १०० मीटरचा विजेता. जुलै २००९ मध्ये त्याने १०० मीटरला ५१.९४ चा विक्रम केला आणि त्याच महिन्यात रोमच्या जागतिक स्पर्धेत उपांत्य फेरीत हात राखून पोहला, तर अंतिम फेरीच हुकली. जगातला सर्वांत वेगवान माणूस बाकावर बसला. नंतर ३१ जुलैला तो २०० मीटरसाठी उतरला आणि १ मिनिट ५१.९२ सेकंदांत शर्यत संपवली. तो विक्रम २०२५ च्या सिंगापूरच्या जागतिक स्पर्धेतही कोणाच्या हाती लागला नाही. जाणकार म्हणतात की तो काळ अंगाला चिकटणाऱ्या, तरंगायला मदत करणाऱ्या पोशाखांचा होता आणि १ जानेवारी २०१० पासून त्या पोशाखांवर बंदी आली. बरोबर आहे. पण तसे पोशाख रोममध्ये बाकीच्यांच्या अंगावरही होते.

आपला हिशेब काय? बंगळुरूच्या श्रीहरी नटराजने जून २०२१ मध्ये रोमला १०० मीटर ५३.७७ सेकंदांत पोहून ऑलिंपिकची थेट पात्रता मिळवली. असं करणारा तो दुसरा भारतीय. त्याच स्पर्धेत साजन प्रकाश पहिला ठरला होता. चेकोनच्या वेळेपासून श्रीहरीचं अंतर सव्वादोन सेकंदांच्या आतलं. पाण्यात मोजलं तर साधारण चार मीटर, दोन खाटा लांबीला लांबी लावून ठेवाव्यात तेवढं. टोकियोत त्याला ५४.३१ सेकंद लागले आणि उपांत्य फेरी दूर राहिली. महाराष्ट्रातून कोल्हापूरच्या वीरधवल खाडेने २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचं कांस्य आणलं, तेव्हा १९८६ नंतर पहिल्यांदा आशियाई जलतरणाचं पदक भारतात आलं होतं. पाठीवर पोहून तिथवर गेलेला मराठी पुरुष मला अजून दिसायचा आहे.

आमच्याकडे तर पन्नास मीटरचा तलाव दूरच. अकोल्याहून वाशीमकडे जाताना पातूरचा घाट ओलांडला की आमचं मेडशी लागतं. इथे पोहणं शिकायचं ते विहिरीत. पाठीला वाळलेला भोपळा नाहीतर बंद केलेला पत्र्याचा डबा बांधायचा आणि वरून कोणीतरी ढकलायचं. मला शिकवलं ते आमच्या मामूंनी. त्यांची रीत उलटी होती. ते आधी हात मारू देत नसत. नुसतं उताणं पड, म्हणायचे. मान सैल सोड, कान पाण्यात बुडू दे, छाती भरून घे. कान बुडाले की वरचा सगळा गलका थांबतो आणि स्वतःचा श्वास तेवढा ऐकू येतो. भीती वाटून डोकं वर उचललं, की पाय खाली जात आणि मागोमाग आपण. हे शास्त्र पक्कं आहे. फुप्फुसात हवा असेल तर माणूस तरंगतो. डोकं उचललं की तोल मोडतो. मोठ्या तलावांवरचे प्रशिक्षकही बॅकस्ट्रोक शिकवताना कपाळावर पाण्याचा पेला ठेवून पोहायला लावतात. पेला पडता कामा नये. हातपाय कितीही फिरोत, डोकं दगडासारखं स्थिर.

मघाशी अर्धी ठेवलेली कीफरची गोष्ट इथे येते. दुसऱ्या महायुद्धात तो अमेरिकी नौदलात गेला. तिथे त्याच्या ध्यानात आलं की शत्रूच्या गोळ्यांनी मरतात त्याहून जास्त खलाशी बुडून मरताहेत. समुद्रावर नोकरी करणाऱ्या पोरांना पोहणंच येत नव्हतं. जगातला सर्वांत वेगवान बॅकस्ट्रोकवाला हा माणूस. त्याने वेग बाजूला ठेवला आणि खलाशांसाठी पाठीवर पोहण्याची एक सोपी रीत बसवली. तिला व्हिक्टरी बॅकस्ट्रोक असं नाव पडलं. तोंड पाण्याबाहेर, श्वास मोकळा, दम राखून तासन्तास टिकायचं. नौदलासाठी हजारो प्रशिक्षक तयार झाले. कीफर २०१७ साली, ९८ व्या वर्षी वारला. बर्लिनच्या पदकापेक्षा या कामाने किती जीव वाचले असतील, त्याची मोजदाद शर्यतीच्या घड्याळावर होत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगभरात सुमारे तीन लाख माणसं बुडून गेली. त्यांत लहान मुलं फार. आपल्याकडे प्रत्येक उन्हाळ्यात वर्तमानपत्रात अशा बातम्या येतात आणि आपण पान उलटतो. विहिरी आधीपासून होत्याच; २०१६ च्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेनंतर शिवारात शेततळीही वाढली. पाणी साठलं, पिकं वाचली, ते चांगलंच झालं. पण ज्या तळ्यांना प्लॅस्टिकचं अस्तर असतं, त्यांच्या उतारावर शेवाळ धरतं आणि पाय ठरत नाही. आत पडलेला माणूस काठाला पोहोचला तरी वर येऊ शकत नाही. तो काठाशी झटत राहतो, दमतो आणि मग डोकं वर उचलायला लागतो. काठाला गाठी मारलेला दोर किंवा जुनं टायर बांधून ठेवायला खर्च काही येत नाही, आणि काही शेतकरी ते करतातही. दोर नसेल तर कोणीतरी बांधावरून धावत येईपर्यंत दहा-पंधरा मिनिटं जातात. तेवढी दहा-पंधरा मिनिटं उताणं पडून काढता येतात. मामूंनी आम्हाला त्यासाठी आठ दिवस दिले होते, आठव्या दिवशी डबा सोडला.