घरातला भोंगा



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. त्या परंपरेतल्या व्यासपीठावर विद्वान लोक वेदान्त, इतिहास, अर्थशास्त्र असे भारदस्त विषय घेऊन येतात. आम्ही मात्र एक पेटी घेऊन आलो आहोत. तळहाताएवढी, गोल, कापडाने मढविलेली, देवघराखालच्या फळीवर किंवा टीव्हीशेजारी बसणारी बोलकी पेटी. तिला स्मार्ट स्पीकर म्हणतात. ती मधूनच आवाज करते, पिवळा दिवा लुकलुकविते, आणि काय झाले म्हणून विचारावे तर कोणी न मागितलेली बातमी सांगू लागते. हे तिचे नको असलेले सांगणे कसे थांबवावे, एवढाच आजचा विषय आहे.

विषय लहान आहे, हे आम्हांला मान्य आहे. पण त्याच्या पोटात तीन प्रश्न आहेत. माणसाला हाक मारण्याचा अधिकार कोणाला, ती हाक केव्हा मारावी, आणि तिचा खर्च कोणी सोसावा? या तीन प्रश्नांवर मुंबईचा कामगार सव्वाशे वर्षांहून अधिक काळ झगडत आला आहे. तेव्हा युनियनच्या माणसाने हा विषय घ्यावा, यात नवल काही नाही.

मुंबईत पहिल्या कापड गिरणीची कंपनी १८५४ साली स्थापन झाली. पुढे परळ-लालबागच्या भागात धुराड्यांचे रान उभे राहिले आणि त्याबरोबर भोंगा आला. घरात घड्याळ नसलेल्या माणसाचे घड्याळ म्हणजे भोंगा. भोंग्यावर चूल पेटे, भोंग्यावर डबा भरला जाई, भोंग्यावर पोरे शाळेला निघत. आज काही मंडळी भोंग्याची आठवण मोठ्या मायेने काढतात. ती माया खोटी नाही. परंतु भोंगा मालकाचा होता, हेही विसरून चालणार नाही. तो वाजला की जावे लागे. आणि कामाचा दिवस उजेड असेपर्यंत, आठवड्याची सुट्टी जवळजवळ नाहीच, अशी सुरुवातीची स्थिती होती.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांना संघटित केले आणि मागण्या मांडल्या. त्यांत आठवड्यातून एक दिवस सुट्टी ही मागणी मुख्य होती. सहा वर्षे ती रेटावी लागली. १० जून १८९० रोजी मालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. आज आपण रविवारी उशिरा उठतो, तो उशीर कोणी फुकट दिलेला नाही. एक दिवस भोंग्याने गप्प बसावे, एवढ्यासाठी माणसे सहा वर्षे भांडली.

पुढे १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले. दिवा म्हणजे प्रगती, असे आपण म्हणतो. पण त्या दिव्याने सूर्यास्ताचे कुंपण मोडले आणि कामाचा दिवस तेरा-चौदा तासांवर गेला. १९११ च्या कायद्याने कापड गिरणीतल्या प्रौढ पुरुषाचा दिवस बारा तासांवर आणला, १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने आठवडा ४८ तासांचा केला. यंत्र आधी आले, मर्यादा नंतर आली, आणि मर्यादा आपोआप आली नाही. ही गोष्ट बोलक्या पेटीचा विचार करताना ध्यानात ठेवावी.

वेळेचाही असाच एक झगडा झाला. १ जानेवारी १९०६ पासून सरकारने हिंदुस्थानची एकच प्रमाणवेळ सुरू केली. ती मुंबईच्या वेळेपेक्षा ३९ मिनिटे पुढे होती. म्हणजे कामगाराने ३९ मिनिटे आधी उठावे, असा त्याचा सरळ अर्थ. त्याच महिन्यात जेकब ससून गिरणीच्या कामगारांनी कामावर जाण्याचे नाकारले. आपली वेळ आपल्याला न विचारता हलवू नये, हे त्या अशिक्षित म्हटल्या गेलेल्या माणसांना नीट समजले होते.

आता गोदीची गोष्ट सांगतो. वडाळ्यात पोर्ट ट्रस्टच्या वसाहती आहेत, तेव्हा ही गोष्ट इथे घरचीच आहे. पूर्वी गोदीतला मजूर सकाळी जाऊन उभा राही. जहाज असेल आणि टोळीवाल्याची मर्जी असेल तर काम, नाहीतर परत. बोलावणाऱ्याचे काही जात नसे. जायचे ते उभे राहणाऱ्याचे: त्याची सकाळ, त्याचे भाडे, त्याची भाकरी. १९४८ साली गोदी कामगारांच्या नोकरीचे नियमन करणारा कायदा झाला आणि त्याखाली १९५१ साली मुंबईची योजना आली. नोंदलेला कामगार हजेरीला आला आणि काम मिळाले नाही, तरी त्याला हजेरीभत्ता द्यावा, हे तत्त्व तिच्यात आले. याचा परिणाम असा की हाकेला किंमत पडली. हाकेला किंमत पडली म्हणजे हाक मारणारा विचार करून हाक मारतो.

आता आपल्या पेटीकडे वळू. २०१७ च्या अखेरीस ॲलेक्सा आणि २०१८ साली गुगलची पेटी आपल्या देशात विकावयास आली. गाणे लावते, भाजी शिजण्याची वेळ मोजते, आजोबांना गोळीची आठवण करते, आंधळ्या माणसाला बटण न शोधता बातम्या ऐकविते. या सोयी खऱ्या आहेत आणि आम्ही त्यांची टिंगल करणार नाही. रेडिओवर 'कामगार सभा' ऐकत वाढलेल्या आमच्या पिढीला बोलणाऱ्या पेटीचे वावडे असण्याचे कारण नाही. फरक एवढाच की रेडिओ ठरल्या वेळी सर्वांशी एकच बोले आणि आपण खुंटी फिरविली की थांबे. ही पेटी आपण न बोलाविता बोलते.

कारण उघड आहे. या हाकेला किंमत नाही. भोंग्याला वाफ लागे, टपालाला तिकीट लागे. एका सूचनेला कंपनीचा जवळजवळ काहीच खर्च होत नाही. खर्च होतो तो ऐकणाऱ्याचा: तुटलेली झोप, अर्धे राहिलेले बोलणे, दचकलेले मूल. पैसा दिसत नाही म्हणून हा खर्च कोणी वहीत मांडत नाही.

सूचना तीन जातींच्या असतात. पहिली, आपण स्वतः सांगून ठेवलेली: गजर, गोळीची आठवण. दुसरी, आपल्या कामाची पण घाई नसलेली: पार्सल निघाले, पार्सल आले. तिसरी, कोणीच न मागितलेली: अमुक वस्तूवर सवलत आहे, मागच्या खरेदीला किती तारे द्याल, मला आणखी अमुक करता येते ते करून पाहा. पहिली नोकर आहे, दुसरी टपालवाला आहे, तिसरी दारावरचा विक्रेता आहे. तिघांना एकच दार उघडे ठेवणे हीच मूळ चूक. तेव्हा एकेक दार कसे लावावे, ते क्रमाने सांगतो. ॲलेक्साचे सांगतो, कारण तिचे नाव आम्हांला जास्त ऐकू येते. दुसऱ्या पेट्यांतही मार्ग साधारण असाच असतो.

पिवळा दिवा लुकलुकत असेल तर सूचना साठली आहे, असे समजावे. साठलेल्या सूचना पुसून टाक, असे तिला सांगता येते. पण हा उपाय पाणी उपसण्याचा झाला. नळ बंद करावयाचा तर फोनवरच्या तिच्या ॲपमध्ये जावे लागते. तिथे सेटिंग, आणि त्यात नोटिफिकेशन असा भाग आहे. त्यात खरेदीचे वेगळे पान आहे. खरेदीच्या शिफारशी आणि तारे मागणे ही दोन बटणे आधी बंद करावीत. पार्सलची बातमी हवी असेल तर ती चालू ठेवावी, पण वस्तूचे नाव मोठ्याने सांगण्याचे बटण बंद करावे. दहा बाय बाराच्या खोलीत कोणी कोणासाठी काय मागविले, हे पेटीने जाहीर करण्याचे कारण नाही. 'हे करून पाहा' म्हणून सुचविण्याचेही एक पान असते, तेही बंद करावे.

दुसरा उपाय 'डू नॉट डिस्टर्ब', म्हणजे त्रास देऊ नकोस. हा तोंडी सांगूनही लागतो आणि ॲपमध्ये त्याचे रोजचे वेळापत्रक लावता येते. तो चालू असताना गजर आणि टायमर वाजतातच, सूचना मात्र थांबतात. म्हणजे पहाटेच्या गजराची काळजी नको.

तीन ठिकाणी लोक फसतात. लाल दिवा लावून माइक बंद केला की पेटी गप्प झाली, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. माइक बंद म्हणजे तिचे कान बंद, तोंड नव्हे. दुसरे, सूचनेचा आवाज कमी करावा म्हणून काहीजण ॲपमधली आवाजाची पट्टी खाली ओढतात. ती पट्टी गजर, टायमर आणि सूचना यांची एकत्र आहे. सूचना हळू होते आणि सकाळचा गजरही हळू होतो. मग पहिल्या पाळीची हजेरी चुकते आणि दोष झोपेला मिळतो. तिसरे, पेटी घरात असते, पण ॲप एकाच्याच फोनवर असते, बहुधा मुलाच्या. मुलगा कामावर, पेटी म्हाताऱ्या आईच्या उशाशी. म्हणजे हाक तिला आणि हाकेची किल्ली दुसऱ्याच्या खिशात! ही मांडणी गिरणीतल्या माणसाला ओळखीची वाटेल. तेव्हा हे काम एकट्याने करू नये. रविवारी घरच्या सर्वांनी पंधरा मिनिटे बसावे आणि एकेका सूचनेवर विचारावे, ही कोणाला हवी आहे? हात वर होणार नाही ती बंद.

कोणी म्हणेल, आवडत नसेल तर घेऊ नका. घेतलीत तर कुरकुर कशाला? हे म्हणणे आम्ही चाळीस वर्षे ऐकत आलो. नोकरी परवडत नसेल तर सोडा, असे पूर्वी मालक म्हणत, त्याचाच हा धाकटा भाऊ. माणसाने पेटी गाण्यासाठी घेतली, विक्रेत्यासाठी नव्हे. एका गोष्टीला दिलेली संमती दुसऱ्या गोष्टीला लागू होत नाही, हा साधा न्याय आहे. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही हाच विचार आहे की संमती देणे जितके सोपे, तितकेच ती काढून घेणे सोपे असावे. एका शब्दाने चालू होणारी गोष्ट बंद करावयास चार पाने उलटावी लागत असतील, तर तो सौदा सरळ नव्हे. त्याच वर्षी, नोव्हेंबरात, केंद्र सरकारने ग्राहकाला फसविणाऱ्या तेरा प्रकारच्या मांडण्यांची यादी जाहीर केली. तिच्यात पुन्हा पुन्हा टोकून हैराण करणे हाही एक प्रकार आहे.

ध्वनीचा कायदा जुना आहे. २००० सालच्या नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ ही रात्र ठरविली आणि वस्तीत दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की बोलण्याच्या स्वातंत्र्यात दुसऱ्याला जबरीने ऐकविण्याचा अधिकार येत नाही. हे गल्लीतल्या कर्ण्यासाठी सांगितले होते. कर्णा आता लहान होऊन फळीवर आला आहे, म्हणून तत्त्व लहान होत नाही.

पण या नियमांत एक फट आहे आणि ती आमच्या माणसांना फार लागते. रात्र १० ते ६ ही कोणाची? वडाळ्यात रात्रपाळी करून येणारे किती तरी लोक आहेत. बेस्टच्या आगारातले, ट्रक टर्मिनसवरचे, इस्पितळातल्या आया आणि वॉर्डबॉय, इमारतींचे पहारेकरी. त्यांची रात्र सकाळी ८ ला सुरू होते. एका खोलीत पाच माणसे, एक झोपलेला आणि चार जागे, अशा घरात 'आज तेलाच्या डब्यावर सवलत' ही घोषणा सकाळी ११ ला होते. ती ऐकून उठलेला ड्रायव्हर त्या रात्री गाडी चालविणार आहे. त्याची झोप ही त्याच्या प्रवाशांचीही सुरक्षितता आहे. या झोपेचे रक्षण करणारा नियम सरकारी पुस्तकात नाही. तो घरालाच करावा लागतो, म्हणून 'डू नॉट डिस्टर्ब'चे वेळापत्रक कंपनीच्या रात्रीप्रमाणे न लावता घरातल्या पाळीप्रमाणे लावावे, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. पाळी बदलली की वेळापत्रकही बदलावे.

याच्यापुढची पायरी मोठी आहे. पेटी गप्प करता येते, साहेबाचा फोन कसा गप्प करावा? फ्रान्सने १ जानेवारी २०१७ पासून कामाच्या वेळेनंतर संपर्क तोडण्याचा हक्क कायद्यात आणला, ऑस्ट्रेलियाने ऑगस्ट २०२४ मध्ये. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी असे खासगी विधेयक लोकसभेत २०१८ च्या डिसेंबरात आणि पुन्हा २०२५ च्या डिसेंबरात मांडले. खासगी विधेयकाचा कायदा क्वचितच होतो, हे आम्ही जाणतो. लोखंड्यांची मागणीही पहिल्या दिवशी मान्य झाली नव्हती.

आमची मागणी थोडक्यात अशी. विकतानाच पेटी गप्प असावी. जी सूचना हवी ती माणसाने स्वतः चालू करावी. एकदा नाही म्हटले की पुन्हा विचारू नये. आणि बंद करण्याची किल्ली ज्याच्या कानाशी पेटी आहे त्याच्या हाती, त्याच्या भाषेत असावी. एवढे होईपर्यंत बटणे शोधणे आपल्याच माथी आहे, ती शोधावीत. शेजारच्या आजींची पेटीही वाटेत लावून द्यावी. युनियन म्हणजे तरी दुसरे काय?

आपण एवढा वेळ आपखुशीने ऐकलेत, कोणी बांधून बसविले नव्हते.