बालवर्गाची भिंत कोणाची?

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या पालक-शिक्षक सभेंत वाचलेलें भाषण)



महोत्सवाच्या या आनंदाच्या दिवसांत देऊळ, पटांगण व शाळा हीं सर्व पताकांनीं शृंगारलीं आहेत. ही शोभा पाहुण्यांच्या स्वागतासाठीं आहे व ती तशीच असावी. परंतु उत्सवाची भिंत वेगळी आणि शिकण्याची भिंत वेगळी. हा भेद लहान मुलांच्या दृष्टीनें फार महत्त्वाचा आहे, म्हणून त्याविषयीं चार शब्द आपल्यापुढें ठेवण्याची परवानगी आम्ही घेतों.

बहुतेक बालवर्गांत शिरलें म्हणजे काय दिसतें? अक्षरांचे तक्ते, फळांचे तक्ते, वाहनांचे तक्ते; घोटीव कागदाचीं फुलें व फुलपाखरें; छतापासून लोंबणारे तारे. हें सर्व कातरण्यांत शिक्षिकांच्या कित्येक संध्याकाळी जातात. त्यांचे श्रम खरे आहेत. पालक प्रवेशासाठीं येतात तेव्हां त्यांची नजर प्रथम याच भिंतींवर जाते, आणि जी भिंत अधिक रंगीत ती शाळा अधिक चांगली, असा निवाडा दारांतच होऊन जातो. यामुळें साध्या भिंतीची शाळा, ती कितीही चांगली शिकवीत असली तरी, मुलें गमावण्याच्या भीतींत राहते. म्हणूनच हा प्रश्न केवळ शिक्षकांचा नाहीं, आपणां सर्वांचा आहे.

इ. स. २०१४ सालीं अमेरिकेंतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या अ‍ॅना फिशर, कॅरी गॉडविन व हॉवर्ड सेल्टमन या संशोधकांनीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. बालवर्गाच्या वयाच्या २४ मुलांस सहा धडे शिकविण्यांत आले. तीन चित्रांनीं भरलेल्या खोलींत व तीन साध्या भिंतींच्या खोलींत. भरलेल्या खोलींत शेंकडा ३८.६ वेळ मुलांचें लक्ष धड्यावर नव्हतें. साध्या खोलींत हें प्रमाण २८.४ होतें. पुढें विचारलेल्या प्रश्नांचीं बरोबर उत्तरें साध्या खोलींत शेंकडा ५५ आलीं, भरलेल्या खोलींत ४२. प्रयोग लहान होता व एवढ्यावरून सर्व तक्ते उतरवावे असें कोणी म्हणणार नाहीं. तथापि त्याचें कारण समजण्यासारखें आहे. मोठ्या माणसाला नको तें डोळ्याआड करतां येतें. पांच वर्षांच्या मुलाच्या अंगीं ती शक्ति अजून पुरती आलेली नसते.

मग भिंत ओकीबोकी ठेवावी काय? नाहीं. भिंतीनें बोलावें, पण मुलांचें बोलणें बोलावें.

याचा एक नामांकित धडा इटलींतील रेज्जो एमिलिया या शहराजवळ मिळतो. इ. स. १९४५ सालीं महायुद्ध संपतांच व्हिला चेल्ला या खेड्यांतील लोकांनीं, माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानें मागें टाकलेला एक रणगाडा, कांहीं ट्रक व घोडे विकून आलेल्या पैशांतून बालशाळा उभारण्यास आरंभ केला. लोरिस मालागुत्सी हे तरुण शिक्षक तें ऐकून तेथें गेले, आणि त्यांनीं आपलें आयुष्य या कार्याला वाहिलें. इ. स. १९६३ सालीं त्या शहराच्या नगरपालिकेची पहिली बालशाळा निघाली. तेथें भिंतीवर मुलांचीं चित्रें, त्यांचे प्रश्न, त्यांचे तर्क व कामाचीं छायाचित्रें क्रमानें लावतात. विचार कोठून कोठें गेला, हें त्या भिंतीवरून वाचतां येतें.

इतक्या दूर जाण्याचेंही कारण नाहीं. त्याच १९४५ सालीं आपल्या शेजारीं, बोर्डी येथें, ताराबाई मोडक यांनीं ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलें. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. पुढें कोसबाडच्या टेकडीवर हें कार्य आदिवासी मुलांत वाढलें. मुलें शाळेंत येत नाहींत तर शाळा त्यांच्या अंगणांत नेली. गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं कुरणशाळा काढली. शिंपले, खडे, बिया व पानें हींच तेथील साधनें. भिंतच नसतांनाही शिक्षण होऊं शकतें, हें त्यांनीं दाखवून दिलें.

प्रकल्पाच्या शिक्षणाचें मर्म यांतच आहे. विल्यम किलपॅट्रिक यांनीं इ. स. १९१८ सालीं या पद्धतीवर निबंध लिहिला, तेव्हांपासून ‘प्रकल्प’ हा शब्द शाळांतून रूढ झाला. परंतु पुष्कळदां त्याचा अर्थ घरीं आईबापांनीं रात्रीं जागून केलेली पुठ्ठ्याची वस्तु, एवढाच उरतो. लहानांचा खरा प्रकल्प मुलांच्या प्रश्नापासून निघतो व सावकाश चालतो. आमच्या बालवर्गांतील मुलांनीं शाळेमागील केळ निरखली. आरंभीं सर्वांनीं तिला आंब्यासारखा तपकिरी बुंधा काढला. मग नव्या पानाची सुरळी उलगडतांना त्यांनीं ती सुतळीनें रोज मोजली. घड उतरल्यावर वाडींतील एका आजोबांनीं बुंधा आडवा कापून दाखविला. आंत लाकूड नव्हतेंच. सोपावर सोप गुंडाळलेला, आणि मध्यें गाभा. त्या दिवशीं काढलेल्या चित्रांत बुंधा हिरवा झाला व त्यांत वेढे आले. घड दिलेली केळ संपते, पण तिचीं पिल्लें उभीं राहतात, हेंही एका मुलीनें आपण होऊन सांगितलें. पहिलें चित्र व दुसरें चित्र आम्ही शेजारीं शेजारीं, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावतों. बाजारांतील कोणताही तक्ता एवढें सांगूं शकत नाहीं.

‘मग अक्षरें केव्हां शिकणार?’ हा पालकांचा प्रश्न रास्त आहे. अक्षरें याच कामांत येतात. आपल्या चित्राखालीं ‘केळ’ हा शब्द लिहून घ्यावा असें मुलालाच वाटूं लागतें, आणि गरजेपोटीं आलेलें अक्षर लवकर विसरत नाहीं. वर्ग मोठा, वेळ थोडा, ही अडचण मात्र खरी आहे. तिला उपाय एकच: विषय थोडे घ्यावे व ते पूर्ण पाहावे, नवें लावतांना जुनें काढून मुलाच्या हातीं द्यावें.

मातापितरांनो, आपणांस आमची एक विनंति आहे. शाळेंत याल तेव्हां क्षणभर खालीं बसा, मुलाच्या उंचीवरून भिंत पाहा, आणि त्यालाच विचारा, ‘हें तूं कसें शोधलेंस?’ तें सांगूं लागलें, तर शाळा आपलें काम करीत आहे असें समजा. वांकडी रेघ व बोटांचे डाग पाहून नाक मुरडूं नका. तीं मुलाच्या कष्टाचीं खूण आहेत. शिक्षक भगिनींनीं कातरकामाचा वेळ मुलांचें बोलणें ऐकण्यांत व टिपून ठेवण्यांत घालवावा, आणि व्यवस्थापकांनीं त्यांस तेवढी मोकळीक द्यावी.

उत्सव संपला म्हणजे पताका उतरतील. त्यानंतर बालवर्गाच्या भिंतीवर काय लागावें, हें ठरविण्याचा पहिला मान मुलांस मिळावा.