शून्यापासून मोजा

मी झाशीहून बोलतेय. राणीच्या झाशीत मराठी बोलणारं आता कोण उरलंय, असं पुण्या-मुंबईचे पाहुणे हमखास विचारतात. आहोत थोडी घरं. ज्या गणेश मंदिरात राणीचं लग्न लागलं तिथे अजून गणपतीत जमतो. आमच्या मराठीत हिंदी इतकी मिसळलीय की नागपूरचे लोकसुद्धा हसतात! पण आजचा विषय तो नाही. मी इथल्या एका इंटर कॉलेजात सव्वीस वर्षं हिंदी माध्यमातून भौतिकशास्त्र शिकवतेय. इंटर कॉलेज म्हणजे तुमच्याकडची शाळा आणि अकरावी-बारावी एकाच आवारात. विज्ञान चांगलं कसं शिकवावं यावर बोला, असं मला सांगितलं गेलं. मी वाईट कसं शिकवलं, तिथून सुरुवात करते.

अकरावीचा प्रयोग, साधा लोलक. दोऱ्याला गोळा टांगायचा, वीस आंदोलनांना लागलेला वेळ मोजायचा, त्यावरून गुरुत्वीय त्वरण काढायचं. उत्तर सगळ्यांना आधीच पाठ असतं, ९.८. एक मुलगी वही घेऊन आली. लांबी एक मीटर, वीस आंदोलनं, ३८.१ सेकंद, आणि त्वरण १०.८८. म्हणाली, ‘‘मॅम, ये तो गलत आ गया.’’ माझ्यासमोर चाळीस वह्यांचा गठ्ठा होता. आठवड्यावर प्रात्यक्षिक परीक्षा, बाहेरचे परीक्षक येणार. मी म्हटलं, ठीक करून आण. तिने जागेवर बसून उलटं गणित केलं, ३८.१ खोडून ४०.१ लिहिलं, ९.८ आणलं. दोन मिनिटंही लागली नाहीत, मुलगी हुशार होती. मी सही केली.

तीन-चार दिवसांनी दुसऱ्या गटातला एक मुलगा मोठ्याने मोजत होता म्हणून माझ्या लक्षात आलं. त्याने गोळा सोडला आणि त्याच क्षणी म्हणाला, ‘‘एक.’’ अहो, तेव्हा एकही आंदोलन झालेलं नाही! गोळा जाऊन परत आला की एक. सोडताना म्हणायचं शून्य. हा मुलगा वीस म्हणतो तेव्हा आंदोलनं झालेली असतात एकोणीस. आपण जगाला शून्य दिलं म्हणून छाती फुगवतो आणि मोजायला बसलो की पहिला तोच विसरतो.

मी त्या मुलीचे आकडे आठवून कागदावर मांडले. ३८.१ भागिले १९, म्हणजे २.००५ सेकंद. त्वरण आलं ९.८२. तिचं घड्याळ बरोबर होतं, हात बरोबर होता, लांबी बरोबर होती. वर्गातलं बहुधा सगळ्यात प्रामाणिक आणि सगळ्यात अचूक मोजमाप मी खोडायला लावलं होतं. तिला बोलावून हे सांगितलं का? नाही. परीक्षा झाली, ती बारावीत गेली, मग शाळेतूनच गेली. सांगायचं राहिलं ते राहिलंच.

आता तुम्ही म्हणाल, प्रयोगशाळा सुधारा, साहित्य आणा. आमच्याकडे साहित्य होतं हो! स्टॉपवॉच होतं, गोळा होता, दोरा होता. नव्हती ती एकच गोष्ट, चुकीचं उत्तर घेऊन बसायला वेळ. आणि तो वेळ नव्हता, कारण परीक्षेत त्याला गुण नव्हते. प्रात्यक्षिकाचे तीस गुण, वही नीटनेटकी, उत्तर ९.८च्या आसपास, काम झालं.

आमच्याच रेल्वेमार्गावर, भोपाळच्या पुढे होशंगाबाद लागतं. हल्ली नर्मदापुरम म्हणतात. तिथे १९७२ साली किशोर भारती आणि रसुलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी सोळा सरकारी शाळांत सहावी ते आठवीचं विज्ञान प्रयोगातून शिकवायला घेतलं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले आणि दिल्ली विद्यापीठातले शास्त्रज्ञ मदतीला जात. १९७८मध्ये सगळ्या जिल्ह्यात हा कार्यक्रम गेला, १९८२पासून एकलव्य संस्थेने तो सांभाळला. पुढे सुमारे हजार शाळांपर्यंत पोचला. आपले अरविंद गुप्ता, ज्यांची काड्यापेटीच्या काड्यांची आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबची खेळणी पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगणमुळे घराघरांत पोचली, ते टेल्कोतून रजा घेऊन १९७८मध्ये तिथेच गेले होते.

लोक होशंगाबादच्या स्वस्त साहित्याचं कौतुक करतात. सुईऐवजी बाभळीचा काटा वगैरे. मला त्याहून मोठी वाटते ती त्यांची परीक्षा. परीक्षेत ‘बाल वैज्ञानिक’ हे पुस्तक आणि स्वतःची वही उघडून बसायची मुभा होती, आणि प्रत्यक्ष प्रयोगाचीही परीक्षा होती. पुस्तक समोर उघडंच असेल तर व्याख्या विचारण्यात काय अर्थ? प्रश्नच वेगळे काढावे लागतात. शिक्षक दर महिन्याला एकत्र बसत, कुठे अडलं ते एकमेकांना सांगत. सव्वीस वर्षांत मला अशी बैठक एकदाही मिळाली नाही. आमच्या बैठका असतात, पण त्या निकालाच्या टक्केवारीवर.

२००२मध्ये मध्य प्रदेश सरकारने हा कार्यक्रम बंद केला. तीस वर्षं चाललेली गोष्ट. तिच्यात त्रुटी होत्या. मला दिसते ती ही, की मुलगा नववीत गेला की पुन्हा पाठांतराच्या बोर्डात येऊन पडायचा. पण बंद करणं हा त्रुटीवरचा उपाय नव्हता.

बरं, मी काही बोर्डाची परीक्षा बदलू शकत नाही. कानपूर आयआयटीत शिकवलेले एच. सी. वर्मा तुम्हाला त्यांच्या जाडजूड पुस्तकामुळे माहीत आहेत. जेईई देणाऱ्या प्रत्येकाच्या टेबलावर असतंच. पण याच माणसाने भौतिकशास्त्र शिक्षकांच्या संघटनेमार्फत ‘अन्वेषिका’ सुरू करून शाळेच्या शिक्षकांना साध्या वस्तूंचे प्रयोग दाखवले, ते फारसं कुणी सांगत नाही. त्यांचे प्रयोग बघून मला एवढं कळलं, की जे करायचं ते याच चाळीस मिनिटांच्या तासात करता आलं पाहिजे.

म्हणून मी दोन गोष्टी केल्या. वहीत खाडाखोड बंद. आकडा चुकीचा वाटला तर त्यावर एक रेघ, खाली नवा, आणि शेजारी कारण. जुना आकडा वाचता आला पाहिजे. परीक्षक एकदा कुरकुरले, मग त्यांनी ती कारणं वाचली आणि गप्प बसले.

दुसरी गोष्ट भिंतीची. शाळेच्या मैदानाच्या टोकाला एक लांबलचक उंच भिंत आहे. नववीच्या मुलांना सत्तर मीटरवर उभं करते. टाळी वाजवायची, प्रतिध्वनी आला की त्याच ठेक्यावर पुढची टाळी. ठेका जमला की मोजायला सुरुवात, अर्थात शून्यापासून! एका टाळीपासून दुसरीपर्यंत आवाज १४० मीटर जाऊन येतो. असे वीस फेरे. जानेवारीच्या सकाळी आमच्याकडे आठ अंश असतं, तेव्हा हिशेबाने ८.३ सेकंद यायला हवेत. एप्रिलअखेरच्या दुपारी बेचाळीस अंशांना ७.८ किंवा ७.९. गरम हवेत आवाज जोरात धावतो, त्यामुळे फरक अर्ध्या सेकंदाचा.

तो फरक दाखवायचा म्हणून आम्ही दोन वर्षं धडपडलो आणि दाखवू शकलो नाही. एकाच दुपारचे मुलांचे आकडे ७.४पासून ८.६पर्यंत पसरलेले. एक मुलगा म्हणाला, मॅम, आपली चूकच अर्ध्या सेकंदापेक्षा मोठी आहे, मग फरक कळणार कसा? सव्वीस वर्षांत मला कुणी इतका चांगला प्रश्न विचारला नव्हता. कुणी सुचवलं, टाळीऐवजी लाकडाच्या दोन फळ्या. कुणी म्हणालं, वीसऐवजी शंभर फेरे. एका मुलीने सगळ्यांच्या आकड्यांची सरासरी काढून पाहिली.

या वर्षी फळ्या आणि पन्नास फेरे, असं ठरलंय. शंभरांत मुलं ठेका चुकतात. एप्रिलचे आकडे घेऊन झालेत, सगळे फळ्यावर लिहून कपाटात ठेवलेल्या एका वहीत उतरवलेत, खोडलेले धरून. जानेवारीचे बाकी आहेत. तुमच्या शाळेजवळ अशी एखादी भिंत असेल तर तुम्हीही मोजा, आणि तुमचे आकडे मला कळवा, विशेषतः न जुळणारे.